जर्मिनाची मुदत

श्रावणात मिरजेहून गाडी सुटली तेव्हा मी मनातून जाम खूश होते. बंगळूरला मराठी माणूस म्हटला की तो आयटी कंपनीतलाच, असं आपल्याकडे वाटतं. माझ्या आतेबहिणीचं, अक्काचं सासर तिथे चारशे वर्षं नांदतंय, हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

बंगळूरला उतरले आणि हेब्बाळला रिक्षा उड्डाणपुलाखाली अडकली ती अडकलीच. मांडीवर चिवड्याचा डबा, वर घामाच्या धारा! कशीबशी पोचले, तर दार एका गोऱ्यापान परक्या मुलीने उघडलं. "या मावशी, स्वल्प (जरा) बसा. अक्का देवापुढं बसल्यात." अगं बाई! ही चक्क मराठी बोलत होती.

ही जर्मिना, अक्काची भाडेकरू. काबूलहून गणित शिकायला आली, मागे तिथली राजवट उलटली आणि परतीची वाट बंद झाली. तेव्हापासून तिला इथे राहायची परवानगी मिळते ती थोड्या थोड्या महिन्यांची. आता तर परदेशी लोकांसाठी कायदाच नवा आलाय. या खेपेला मुदत वाढेल की नाही, छातीठोक कोणीच सांगेना. निकाल त्याच दुपारी होता.

"शेजारीपाजारी म्हणाले, नसती ब्याद कशाला, खोली रिकामी करून घे," अक्का सांगत होती. "सरी (बरं) म्हटलं, आणि पोलीस ठाण्यात जाऊन हिचं नाव नोंदवूनच आले. आता बोला म्हणावं!"

जर्मिनाने बोलानी (बटाटा भरलेली पातळ पोळी) केली होती. मी तीन हाणल्या. ती मात्र आपले कागद पुन्हा पुन्हा लावत बसली होती.

दुपारी परदेशी लोकांच्या नोंदणी कार्यालयात आम्ही तिघी गेलो, अक्का ठेवणीतलं इरकल नेसून. अधिकारी कानडीत म्हणाला, "अम्मा, ही मुलगी बाहेरची. तुम्ही कशाला आलात?"

"आम्हीपण बाहेरचेच की. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून आले. व्हिसा कुणी विचारला?" अक्का म्हणाली.

"घोड्यांचा नियम माझ्याकडे नाही, अम्मा," तो हसला. मग जर्मिनाकडे वळला. "परत कधी जाणार?"

 ती ताठ उभी, आणि बोलली तीही कानडीत. "तिथे मुलींना गणित शिकवता येईल, त्या दिवशी. तिकीट माझं मी काढीन."

त्याने कागद चाळले. मग शिक्का उठला. सहा महिने. पुढचं त्याच्याही हातात नव्हतं. निघताना जर्मिना म्हणाली, "बर्तीनि (येते)." कानडीतही 'जाते' म्हणत नाहीत. "बन्नि (या)," तो म्हणाला.

चार दिवसांनी दोघी मला स्टेशनवर पोचवायला आल्या. या पोरीचा आणि आमच्या अक्काचा मला इतका अभिमान वाटत होता की डब्यातल्या चार लोकांना हाका मारून सांगावं!

"उन्हाळ्यात मिरजेला ये गं, द्राक्षं खायला," मी खिडकीतून म्हटलं.

जर्मिनाने बोटांवर महिने मोजले. "उन्हाळ्यात नको, मावशी. दिवाळीत बोलवा. दिवाळी माझ्या मुदतीत बसते."

सण असा मोजायची वेळ माझ्यावर जन्मात कधी आली नव्हती. गाडी हलली. मी ओरडून म्हटलं, "दोन्हीला ये!"