दोनशे मिली गरम पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि आमच्या घरात लपवणं हाच मोठा गुन्हा. आईच्या चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलेली मुलगी मी. कॉपीविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं, कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून मीच वाटलं. त्याच महिन्यात — थांबा, आधी बाटलीचं सांगते.

माझ्या खिडकीत एक बंद बाटली आहे. तळाशी सोनेरी चकत्या. उकळत्या पाण्यात धरली की त्या नाहीशा होतात. आत नुसतं नितळ पाणी. मी बसून राहते. पाणी निवतं, आणि मधोमध, कुठूनही न येता, एक कण चमकतो. मग दुसरा. दरवेळी सगळे परत येतात.

बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकलला लेड आयोडाइड बनवायचं होतं. ते गरम पाण्यात विरघळतं, म्हणून गार झाल्यावरच गाळायचं. मला घाई झाली. गरमच गाळलं. कागदावर जेमतेम पिवळा थर उरला. शेजारी नसरीन — तीन वर्षं माझी पार्टनर, वडिलांचं बुधवार पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान — बीकर बर्फात ठेवून शांत उभी होती. ते मी पाहिलं. नीट पाहिलं.

सगळ्यांच्या काचेच्या बशा रात्रभर सुकायला ठेवलेल्या, प्रत्येकीखाली रोल नंबरची चिठ्ठी. सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. माझं गाळून खाली गेलेलं पाणी फ्लास्कमध्ये तसंच होतं. संध्याकाळी स्वच्छ होतं, आता सोनेरी चकत्यांनी भरलेलं. जणू कुणीतरी येऊन माझी चूक मांडून ठेवली होती. ते मी बाटलीत ओतून पिशवीत घातलं. मग माझ्या आणि नसरीनच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. किती वेळ लागला? एक श्वास.

नसरीनचं यील्ड, म्हणजे हाती लागलेला पदार्थ, तीस टक्के आलं.

"बाकीचं घरी पाठवलंत का?" सर म्हणाले.

"काल खूप होतं, सर."

"ओलं असताना सगळ्यांचंच खूप दिसतं."

ती रडली नाही. गणित मांडत बसली. गेलेलं सत्तर टक्के विरघळायला किती गरम पाणी लागेल? उत्तर आलं दोनशे मिली. तिनं शंभरच घेतलं होतं. दोनशे मी घेतलं होतं. तिच्या अक्षरात, तिच्या कागदावर, मी उभी होते — आणि तिला दिसत नव्हते.

"मी बर्फात ठेवलं होतं ना गं? तू बघितलंस ना?"

"आठवत नाही," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबले का? नाही. "विसरली असशील."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवर नाही. एम.एस्सी.चा फॉर्म तिनं भरलाच नाही. म्हणाली, माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही.

गेल्या महिन्यात घड्याळाचा सेल बदलायला तिच्या दुकानात गेले. आता तीच बसते. तिनं सेल घातला, झाकण लावलं. परत उघडलं. परत लावलं. मग मान वर करून विचारलं, "रबराची रिंग बसवली ना मी? तू बघितलंस ना?"

बघितलं होतं. मी हो म्हटलं.

तेवढंच म्हटलं.