दहा स्क्वेअरचे मेहुणे

ती हिरवी तार मीच काढली, हे आधीच कबूल करतो. आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात नवी मोटर आली, तिचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह आला, आणि दर दहा मिनिटांनी ब्रेकर पडू लागला. मी ड्राइव्हची अर्थिंगची ती हिरवी तार सोडवली. ब्रेकर गप्प. भल्याभल्या इंजिनिअरांना जे सुचलं नसतं ते मला सुचलं, म्हणून मी एक चहा जास्तीचा घेतला आणि बायकोला म्हणालो, "कर चालू." तिनं मशीनला हात लावला आणि झटका खाऊन थेट डिंकाच्या बादलीवर जाऊन बसली.

तासाभरात तिचा थोरला भाऊ दारात. पेशानं वायरमन. सगळे त्यांना 'दहा स्क्वेअर' म्हणतात. कारण ड्राइव्ह दिसला की मोटर केवढीही असो, हे अर्थिंगला दहा स्क्वेअरचीच तार मागणार, पेन्सिलीएवढी जाड. या हट्टापायी निम्मी गिऱ्हाइकं पळाली. उरलेली नात्यातली आहेत, ती पळून जाणार कुठे? कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी फ्रिजच्या प्लगची विचारपूस, मग माणसांची. आमच्या लग्नाच्या फोटोत त्यांची फक्त पाठ आहे. सख्ख्या बहिणीच्या लग्नात हे गृहस्थ लाउडस्पीकरच्या बोर्डामागे वाकले होते.

"झिणझिण्या गेल्या का गं?" त्यांनी बहिणीला विचारलं. मग जळक्या फ्यूजकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "मशीन बंद. दहाची तार मागवा, जावईबापू."

"दादा, संध्याकाळी चार हजार खोकी द्यायचीत. आणि मोटरला वीज नेणारी तार अडीचची. राबणारी बारीक आणि बसून राहणारी जाड, हा कुठला न्याय?"

"आपल्या घरचाच," बायको बादलीवरून म्हणाली.

दादा हसले नाहीत. कामावर असताना ते हसत नाहीत, आणि कामावर नसताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. "ड्राइव्हमधून थोडी वीज अर्थिंगमध्ये सतत झिरपतच असते. बारीक तार एखाद्या हिसक्यानं तुटते. मशीन छान चालत राहतं, कुणाला पत्ता लागत नाही. मग ती वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. म्हणून न तुटणारी, जाड. तुम्ही तर ती तुटायचीही वाट बघितली नाहीत."

"आणि ब्रेकर?"

"तुमचा घरगुती आहे. ड्राइव्हला चालणारा वेगळा मिळतो, तो बसवतो."

"दादा हो म्हणेल तेव्हाच मी मशीनवर जाईन," बायकोनं जाहीर केलं. झालं. चार हजार खोकी त्या एका 'हो'वर लटकली.

सगळी दुपार दादांनी तार ओढली. प्रत्येक जोड पकडीनं धरून तीनतीनदा हिसडत होते. मी घड्याळ बघत होतो, आणि मी घड्याळ बघतोय हे बघून ते चौथा हिसका देत होते. शेवटी मीटर लावला, आकडा दोनदा वाचला. "ठीक."

बायको उठली. त्यांनी तिला हातानंच अडवलं आणि माझ्याकडे वळले. "आधी तुम्ही. लावा हात."

माझे दोन्ही हात आपोआप खिशात गेले. "दादा, मीटर ठीक म्हणतोय ना? मग माझा हात कशाला?"

"तिनं नुसत्या तुमच्या शब्दावर लावला होता."