जनरेटरची खंडेनवमी

आमच्या घरातल्या जनरेटरची देखभाल माझ्याकडे आहे, आणि म्हणूनच आमच्याकडची शेंगाचटणी हाताने कुटलेली असते. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते सांगतो. उजव्या खांद्याला बाम चोळत सांगतो, तेवढं चालवून घ्या.

माझी बायको सुनंदा घरी चटणी करून विकते. आमच्या भागातली वीज जाताना सांगत नाही आणि येतानाही सांगत नाही, त्यामुळे मिक्सर मधेच मुका व्हायचा. म्हणून पेट्रोलवरचा हा छोटा जनरेटर घेतला. विकणाऱ्याने बजावलं होतं, "साहेब, महिन्यातून एकदा चालवा, ऑइल बघा, हवेचा फिल्टर धुवा." मी कॉलेजात हेडक्लार्क. समोरच्याचं ऐकून मान डोलवण्यात माझी उभी हयात गेली. याही वेळी डोलवली आणि जनरेटर जिन्याखाली झाकून ठेवला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर सुनंदाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. नवी पेठेतल्या एका कापड दुकानदाराला दसऱ्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चटणीचं पाकीट भेट द्यायचं होतं. हे जमलं तर दिवाळीची ऑर्डरही तिचीच. फसलं तर त्याची मेव्हणी चटणी घेऊन टपलेलीच होती!

"अहो, जनरेटर तयार आहे ना?" सुनंदाने विचारलं.

"अगदी!" मी म्हणालो. (ऑफिसातही मी हा शब्द असाच वापरतो.)

मग मात्र जिन्याखाली धावलो. जनरेटर बाहेर ओढला, बाजूचं झाकण उघडलं. आत फिल्टर म्हणजे चक्क स्पंजाचा एक चौकोन! साबणाने धुतला, परसातल्या दोरीवर वाळत घातला आणि एवढ्या कष्टानंतर जरा आडवा झालो. उठून बघतो तर दोरीवर स्पंज नाही. मला वाटलं, सुनंदाने बसवला. सुनंदाला वाटलं, मी बसवला. (आमचा संसार याच पायावर उभा आहे.) झाकणाची खिट्टी सापडेना, म्हणून झाकण तसंच उघडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा. आमची आई श्रीपूरकडची, पूजेत काटकसर करत नाही. विळी, माझी स्कूटर, शिलाई मशीन आणि जनरेटर, सगळ्यांना हळदकुंकू. जनरेटरला तर झेंडूची एवढी जाड माळ, की आमच्या लग्नात मलाही तशी मिळाली नव्हती! मिक्सर तेवढा वगळला, कारण पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला विसावा, आणि चटणी तर अजून व्हायची होती.

सुनंदाने शेंगदाणे भाजले, लसूण सोलला, मिक्सरचं बटण दाबलं आणि वीज गेली.

"जनरेटर लावा!" सुनंदा ओरडली.

"आगं, पुजलेल्या यंत्राला आज हात लावायचा न्हाय!" आई दारात आडवी.

"आई, संध्याकाळी माल द्यायचाय हो!" सुनंदाचा आवाज रडवेला झाला. मला खरंच वाईट वाटलं.

आईही विरघळली. जनरेटरपुढे हात जोडून म्हणाली, "बाबा, लेकीच्या कामाचं हाय. आजचा दिस माफी कर." मग माझ्याकडे वळून, "वड आता दोरी!"

मी ओढली. पुन्हा ओढली. खांद्यातून कट्ट आवाज आला आणि पाठोपाठ जनरेटर सुरू झाला! सुनंदाने टाळी वाजवली. जनरेटर थरथरत होता, माळ डुलत होती, पाकळ्या सुटत होत्या आणि उघड्या झाकणातून एकेक करत आत जात होत्या. जनरेटरला ठसका लागला. मग दुसरा. मग तो शांत झाला.

एवढ्यात सणाला आलेला मेव्हणा बापू पुढे सरसावला. बापू कुर्डुवाडीला रेल्वेत, तिकीट खिडकीवर. पण रेल्वे म्हटली की इंजिन आलंच, असा त्याचा समज.

"सरका दाजी. इंजिन आपल्याला काय नवीन हाय व्हय?" त्याने आत बोट घातलं आणि झेंडू काढला. मग आणखी झेंडू. "दाजी, आत तर सगळा हारच हाय की! अन् फिल्टर कुटं गेला?"

"तू बसवलास ना?" "तुम्ही बसवलात ना?" आम्ही नवराबायको एकदमच म्हणालो.

"फिल्टर म्हंजी?" आईने विचारलं. तिच्या हातात समई होती, आणि समई घासायला माझा स्पंज! "ह्यो व्हय? दोरीवर व्हता. पितळ लई झ्याक निघतंय ह्यानं!"

समई खरोखर लखलखत होती. जनरेटर मात्र बापूने ओढून ओढूनही बोलला नाही, आणि शेवटी दोरी बापूच्या हातातच आली.

सुनंदाने डोळे पुसले, पदर खोचला आणि परसातलं उखळ दाखवलं. मुका मिक्सर सोडला तर घरात पूजा न झालेलं, विसावा न मिळालेलं एकच यंत्र शिल्लक होतं. ते मुकाट्याने उठलं आणि मुसळ हातात घेऊन दिवे लागेपर्यंत कुटत राहिलं. मधेमधे बापू सूचना देत होता.

पाकिटं वेळेत पोचली. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दुकानदाराचा फोन! "वहिनी, काय चव हाय हो! मिक्सरची नको, दिवाळीला अशीच कुटलेली पायजे." सुनंदा आनंदाने नाचायची बाकी होती. मी बामची बाटली शोधत होतो. जनरेटर दुरुस्त करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

यंदा खंडेनवमीला मी डोकं चालवलं. सकाळीच आंघोळ करून पूजेच्या पाटावर जनरेटरशेजारी जाऊन बसलो. "आई, आधी मला कुंकू लाव."

आईने बोट पुढे केलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनंदा ओरडली, "आई, त्यांना नका लावू! ऑर्डर राहिलीय अजून!"

आईचं बोट वळलं आणि कुंकू जनरेटरला लागलं. वर्षभर विसावा घेणाऱ्या त्या यंत्राला याही वर्षी जाडजूड माळ मिळाली. सुनंदाने माझ्या हातात मुसळ दिलं आणि मी सुरू झालो. मला तर दोरीसुद्धा ओढावी लागत नाही!