तानाबाईचा पैरा

तानाबाईचं भाताचं खाचर सलग दोन पावसाळे पड राहिलं. गगनबावड्याकडच्या त्या गावात पड रानाचं कारण विचारलं की जो तो गव्यांकडं बोट दाखवतो. तानाबाईही तेच सांगायची, "गवं एका रातीत समदं तुडवत्यात. कशाला मरायचं?" गवे बिचारे मुके, म्हणून वाट्टेल ते त्यांच्या माथी मारायचं.

खरं कारण तिच्या गुडघ्यांत होतं. भाताची लावण तिथं पैऱ्यावर चालते. आज सगळ्या बाया माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. नवरा जोतीराम गेल्यावरही तिनं पैरा कधी चुकवला नव्हता. मग गुडघे धरले आणि चिखलात वाकणं संपलं. जो फेडता येत नाही तो पैरा घ्यायचा कसा? रोजगारी बायका शोधून मिळत नव्हत्या. जोतीरामनं आणि तिनं दगड वाहून घातलेला बांध गवतात बुडाला, तरी या मानी बाईनं कुणापुढं तोंड उघडलं नाही. संध्याकाळी मात्र त्याच बांधावर जाऊन बसायची.

यंदा शेजारची जुलेखा काखेत तान्ही मेहक घेऊन दारात आली.

"काकी, लावणीला हिला कोण धरंल? सासूबाई कोडोलीला गेल्यात. माझं बी रान पड पडतंय बघा."

"आण माझ्याकडं. बसल्या बसल्या मला काय जड हाय?"

"मग ह्योच तुमचा पैरा. आमी तुमच्यात लावतो."

"पोर धरायचा कुठं पैरा असतोय व्हय?"

"मग ऱ्हाऊ दे," म्हणत जुलेखा माघारी वळली. मेहक तिच्या खांद्यावरनं तानाबाईकडं बघत होती.

"थांब की," तानाबाई म्हणाली.

आधी जुलेखाची लावण झाली. बांधावर तानाबाईजवळ मेहक निवांत खेळतेय हे बघून आणखी दोघी लेकुरवाळ्या आपली पोरं घेऊन पुढं आल्या. मग गावातल्या पिराजीनं पॉवर टिलर फिरवून तानाबाईच्या खाचरात चिखल केला, आणि जुलेखाची उरलेली रोपं घेऊन सगळ्या बाया तिथं वाकल्या. बांधावर छत्रीखाली तानाबाई, भोवती पोरं आणि मांडीवर झोपलेली मेहक.

"काकी, गवं आलं तर वो?" चिखलातनं जुलेखानं विचारलं.

"न्हाय येत. मी खोटं सांगत हुतो."

बायका हसल्या. तानाबाईचे डोळे भरून आले होते, पण हात हलवला तर पोर जागं होईल म्हणून तिनं ते पुसले नाहीत.