दाबून सोडा

माझ्या धाकट्या मुलीची सुपारी फुटली त्या दिवशी तिच्या सासू-सासऱ्यांना बेंगळूरहून तंजावूरला मी गाडीने आणलं. शेवटची सगळी वाट एकट्या तिसऱ्या गियरमध्ये. आमच्या घरात ही गोष्ट दरवेळी वेगळी सांगतात. एकदा तर गाडी माझ्या नवऱ्याने चालवली असंही ऐकलं. म्हणून लिहून ठेवते.

मी चौथी शिकले, तीही तमिळ शाळेत. देवनागरी वडिलांनी घरी पोथीवरून शिकवली. गाडी शिकले चाळिशी उलटल्यावर. ह्यांची नजर अधू झाली आणि गाडी दारात गंजायला लागली. तंजावूरबाहेर कालव्याच्या काठावर शिकले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भाताचा चिखल; चुकायला जागाच नव्हती. लोक सायकलवरून उतरून बघत उभे राहायचे. मी म्हटलं, बघू देत.

गाडी जुनी. तिचा गियरचा दांडा आताच्या गाड्यांसारखा खाली नव्हता, स्टिअरिंगच्या चाकाखाली आडवा होता. त्याच्या दोन दांड्या पुढे बॉनेटच्या आत जायच्या. घाईने गियर टाकला की दोन्ही दांड्या एकमेकींत अडकायच्या आणि गाडी जागची हलायची नाही.

मुलगी तेव्हा बेंगळूरला एका नव्या कंप्युटर कंपनीत होती. तिथलाच साताऱ्याचा एक मुलगा तिने पसंत केला. आम्हाला काही अडचण नव्हती. अडचण होती मुलाच्या वडिलांना. ते साखर कारखान्यात अधिकारी होते. तंजावूरचे मराठे म्हणजे नावाचे मराठी, आतून मद्रासीच, असं त्यांनी मुलाला सांगितलं होतं. ते मुलाने माझ्या मुलीला सांगितलं आणि मुलीने मला. तरीही मुलाच्या हट्टामुळे, बेंगळूरला त्याच्याकडे राहायला आलेले त्याचे आई-वडील आमचं घर बघायला यायला तयार झाले. मुलाला रजा नव्हती, माझ्या मुलीलाही नव्हती. ते यायचे त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून तमिळ आडी महिना लागत होता. आमच्याकडे त्या महिन्यात लग्नाची बोलणी करत नाहीत. म्हणजे सुपारी त्याच संध्याकाळी फुटायला हवी होती. मी आदल्या दिवशीच जाऊन बेंगळूरला राहिले आणि पहाटे दोघांना घेऊन निघाले.

सेलमला आम्ही इडली खायला थांबलो. मी विचारलं, "खाऊन सोडलं का? निघूया?"

सासरेबुवांनी ताटाकडे पाहिलं. "सोडलं कुठे? सगळं तर खाल्लं." मग बायकोकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हे कसलं मराठी!"

मला ऐकू येतं. मी म्हटलं, "घरात बोलतो ते. निघूया."

विहीणबाई हात धुवायला उठल्या. गप्प बाई होती. मला वाटलं, नवऱ्यासारखीच असणार.

नामक्कल सोडलं, कावेरीच्या काठाचा रस्ता लागला. मुसिरीच्या अलीकडे एका कालव्यावर उंचवट्याचा पूल आहे. चढताना समोरून एक नवीकोरी गाडी आली, काचा बंद, रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारखी. मी तिसऱ्यातून दुसरा घाईने टाकला. कट्ट असा आवाज झाला आणि दांडा मेला. वर नाही, खाली नाही. गाडी पुलाच्या चढावर थांबली.

मी हँडब्रेक ओढला, उतरून चाकांमागे दगड लावले. सासरेबुवा उतरले, घड्याळ बघितलं, आकाश बघितलं.

"बाई, हा शकुनच समजा," ते म्हणाले. "जवळचं स्टेशन कुठलं? आम्ही परत बेंगळूरला जातो."

"स्टेशन नदीपलीकडे आहे," मी म्हटलं. "पोहता येतं का?"

मला माहीत होतं, हा माणूस एकदा परत गेला की पुन्हा येणार नाही. साताऱ्याला जाऊन सांगेल, देवालाच मान्य नव्हतं. आणि माझी मुलगी दुसऱ्या कुणाशी लग्न करणार नव्हती. ती माझ्यावर गेली आहे.

मी बॉनेट उघडलं, पदर खोचला. दांड्या सोडवायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून क्लच दाबायचा, दुसऱ्याने पान्याने दांड्या मधोमध आणायच्या. मी सासरेबुवांना माझ्या जागेवर बसवलं.

"डाव्या पायाखालचा क्लच. मी सांगितलं की दाबून सोडा."

"बरं."

मी पाना लावला. "आता दाबून सोडा!"

त्यांनी दाबला आणि सोडला. दांडी हलली आणि परत बसली. मध्ये माझं बोट.

"अय्यो! दाबून सोडा म्हटलं!"

"दाबलं की! आणि सोडलं!"

"सोडलं कशाला?"

"तुम्हीच म्हणालात!"

"मी दाबून सोडा म्हटलं, सोडा नाही म्हटलं!"

"बाई, तुम्ही आधी ठरवा! दाबू की सोडू?"

"दाबून सोडा!"

त्यांनी पुन्हा तेच केलं. खाली शेतात रोपं लावणाऱ्या बाया काम टाकून बांधावर उभ्या राहिल्या. भाषा कळत नव्हती त्यांना, पण भांडण कळत होतं. आम्हाला नवरा-बायकोच समजल्या असतील.

तेवढ्यात मागच्या सीटवरून विहीणबाईंचा आवाज आला. "अहो, पाय उचलू नका. सोडा म्हणजे सोडायचं नाही."

"मग काय करायचं?"

"पुरतं दाबायचं. सूनबाई नाही का म्हणत, जेवून सोडलं, येऊन सोडलं? सोडलं म्हणजे काम झालं. इतके दिवस ऐकताय, कान कुठे असतात तुमचे?"

सूनबाई म्हणाली ती! सुपारी फुटायच्या आधीच. मी बॉनेटमधून डोकं वर काढलं नाही, पण ऐकलं.

"दाबून सोडलं," ते आतून म्हणाले. जरा रागातच. पण पाय उचलला नाही.

दोन्ही दांड्या सुटल्या. मी पाहिलं तर दांडीच्या टोकाचं रबर झिजून गेलं होतं. वरच्या दांड्याने गियर टाकला की पुन्हा अडकणारच. म्हणून मी बॉनेटमधूनच हाताने तिसरा गियर लावला आणि ठरवलं, आता घरापर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. पुढे सगळा सपाट मुलूख आहे. चढ नाही, घाट नाही. तिसरा पुरे.

मी गाडीत बसून क्लच दाबला, विहीणबाईंनी दगड काढले. बांधावरच्या बायांना हाक मारली. त्या चिखलाच्या पायांनी आल्या, सासरेबुवा त्यांच्यामध्ये उभे राहिले आणि गाडी पुलाच्या माथ्यावर ढकलली. उतारावर मी क्लच सोडला. खरोखरचा सोडला. गाडीने दोन हिसके दिले आणि निघाली. पुढे उतारावरच गाडी हळू करून दोघांना आत घेतलं.

तिरुच्चीच्या गर्दीत शिरलेच नाही. श्रीरंगमच्या बाजूने नदीकाठ धरला आणि कल्लणैच्या जुन्या धरणावरून गाडी घातली. त्या अरुंद पुलावर पुढे बैलगाडी. थांबले असते तर तिसऱ्यातून गाडी पुन्हा हलली नसती, आणि मागे लोकांच्या रांगा. मी हॉर्न दाबला तो दाबलाच. सासरेबुवांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि अस्सल साताऱ्याच्या आवाजात ओरडले, "ए पाव्हणं, बाजूला घ्या!" गाडीवानाला काय कळलं देव जाणे, त्याने बैल कडेला दाबले.

एका रेल्वे फाटकावर थांबावंच लागलं. फाटक उघडताच मी काही बोलायच्या आत ते उतरून मागे गेले होते. ढकलून, पळत येऊन बसले. धोतर नव्हतं, पँट होती, तरी सावरत होते. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तिरुवैयारु मागे टाकलं तेव्हा उन्हं नारळांच्या शेंड्यांवर होती. घरापुढे गाडी थांबवली. सगळे भाऊबंद दारात. माझे हात कोपरापर्यंत काळे, बोट सुजलेलं. ह्यांनी मला काही विचारलं नाही, पाहुण्यांना विचारलं, "काय झालं? एवढा उशीर?"

सासरेबुवा म्हणाले, "काही नाही. विहीणबाईंनी आम्हाला आणून सोडलं."

ते त्यांच्या मराठीत बोलले. साताऱ्यालाही असंच म्हणतात. पण आमच्या माणसांना ते आमचंच बोलणं वाटलं. माझे थोरले दीर मोठ्याने म्हणाले, "अरे, हे तर आपल्यासारखंच बोलतात!" सगळे हसले. सासरेबुवा क्षणभर गोंधळले, मग त्यांना कळलं आणि तेही हसले.

मी आधी हात धुतले नाहीत. तशाच काळ्या हातांनी सुपारीचं ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"फोडून सोडा," मी म्हटलं.

त्यांनी अडकित्ता उचलला.