बंद म्हणायचं नाही

“बंद म्हणायचं नाय. वाढव म्हण.” काका चष्म्यावरून बघत हे सांगायचे, आणि त्यानंतर वाद घालण्यात अर्थ नसायचा.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या फॉस्फेटच्या खाणींना वीज देणारं आमचं छोटं केंद्र गॅसवर चालायचं. कंट्रोल रूममध्ये काका मुख्य, मी त्यांच्या हाताखाली. दोघेही बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. ते अलिबागकडचे, मुंबईच्या गिरणीत बॉयलर सांभाळून आलेले. मी ठाण्याहून लहानपणीच आलो, त्यामुळे माझं मराठी आईच्या स्वयंपाकघराएवढं.

कोकणात दिवा ‘विझवत’ नाहीत, अशुभ असतं, दिवा ‘वाढवतात’. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात काका म्हणाले, “दोन नंबर वाढव.” मी इमानदारीत लोड वाढवला. मशीन बोंबलायला लागलं, वरून फोन आला, आणि काका धावत आले. “अरे गाढवा, वाढव म्हटलं तर वाढवतोस काय?”

चूक कोणाची, यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

पुढे उत्तरेकडून विजेची मोठी लाइन आली आणि केंद्र निवृत्त करायचं ठरलं. काकांना एलातच्या बंदरात नोकरी मिळणार होती. शेवटच्या दिवशी हेड ऑफिसातून टायवाले साहेब आले, बरोबर फोटोग्राफर. मशीन थांबवायचं लाल बटण साहेब दाबणार होते.

काका बटणासमोर जाऊन उभे राहिले. “घरातला दिवा पाहुण्याने वाढवायचा नसतो. तुम्ही चहा घ्या.” बोलले हिब्रूत, पण ‘वाढव’ला हिब्रूत शब्द सापडेना, म्हणून तेवढा मराठीतच ठेवला.

“अदोनी,” म्हणजे महाशय, “बाजूला व्हा,” साहेब म्हणाले. “एलातची नोकरी माझ्या सहीवर आहे.”

मी काकांची बाही ओढली. “काका, जाऊ द्या ना. नोकरी हातची जाईल.”

“जाऊ दे गेली तर. आपण पेटवलाय, आपणच वाढवणार.”

त्यांनी प्रार्थनेची टोपी घातली, काहीतरी पुटपुटले आणि बटण दाबलं. मशीनचा आवाज उतरत उतरत थांबला. मला भीती वाटली, आणि अभिमानही फार वाटला.

नोकरी गेली ती गेलीच. काका किर्यात मलाखी गावी मुलीकडे गेले, भाजीच्या दुकानात काम करत राहिले, आणि त्याच गावात वारले. पस्तावले मात्र नाहीत.

फोटोग्राफरने काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. साहेब कडेला, अर्धे कापलेले. मधोमध काकांची रुंद पाठ.

“यांचा चेहरा कुठे आहे?” माझी मुलगी हिब्रूत विचारते.

“मशीनकडे,” मी मराठीत सांगतो.