दोन मिनिटांची ओळख

चहा घ्या आधी. माझ्या वक्तृत्वाने अमेरिकेतली एक लायब्ररी कशी बंद पाडली ते सांगतो. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून मी व्हर्जिनियातल्या एका छोट्या गावी आफ्रिकन-अमेरिकन साहित्य शिकायला गेलो होतो. आमच्या प्रोफेसरबाईंनी तिथल्या लायब्ररीत शनिवारी दुपारी कार्यक्रम ठेवला. विषय झकास! गावच्या गोऱ्यांच्या शाळेचं दार काळ्या मुलांना पहिल्यांदा उघडलं ते एक वर्ष, आणि त्या वर्षाने काळ्या लेखकांना काय काय लिहायला लावलं.

पाहुण्या होत्या सत्तरीच्या एक लेखिका. त्यांची मुलगी त्याच वर्षी त्या शाळेत गेली होती. त्यावरची नवी कथा आपल्या जुन्या गावात पहिल्यांदा वाचायची, म्हणून त्या दूरवरून बसने आल्या होत्या.

"तू फक्त ओळख करून दे," प्रोफेसरबाई मला म्हणाल्या. "दोन मिनिटं. पाचला लायब्ररी बंद होते."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे 'दोन मिनिटं बोला' म्हणजे खरंच दोन मिनिटं असतं का? आणि मी तर कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेला माणूस!

त्या वर्षाच्या जानेवारीपासून धरलं. कोर्टाचा निकाल, मोर्चे, चर्चमधल्या सभा. प्रत्येक घटनेला एक कविता नाहीतर एक कादंबरी जोडत गेलो. मार्चमध्ये आपलं दलित साहित्य आठवलं. ते नको सांगायला? सांगितलं. सविस्तर!

मागच्या रांगेत आमच्या सौ.नी, सुनंदाने, पदराने तोंड झाकलं. मला वाटलं, गहिवरली! मी आवाज आणखी भरून आणला.

मग दिवे लुकलुकायला लागले. गेले, आले. गेले, आले. लाइट गेली म्हणून भाषण थांबवणारे आम्ही नागपूरकर नव्हे! माइक बाजूला सारला आणि वरची पट्टी लावली.

ऑगस्टात पोहोचलो तेव्हा लायब्ररीची बाई किल्ल्या घेऊन समोर उभी. "सर, तीनदा दिवे मिचकावले. आम्ही बंद केलंय."

दिवे मिचकावणं म्हणजे 'निघा आता' असं सांगायची तिथली रीत! मला काय माहीत?

"अहो, अख्खा वेळ खाल्लात की त्यांचा!" सुनंदा कुजबुजली. लेखिकाबाईंच्या मांडीवर कथेचे कागद तसेच होते. कुठे तोंड लपवावं कळेना.

त्या मात्र शांतपणे उठल्या, बाहेर पायऱ्यांवर बसल्या आणि वाचू लागल्या. एकही माणूस घरी गेला नाही. शाळेच्या पहिल्या सकाळी आई मुलीच्या वेण्या घालते, एवढीच कथा. पण आई वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची, आणि ते सबंध वर्ष त्या वेण्यांत आलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

वाचन संपल्यावर मी खाली मान घालून त्यांच्यापुढे उभा राहिलो. "मॅडम, माफ करा. माझं जरा लांबलंच."

त्यांनी माझा हात थोपटला. "हनी, तू सांगितलंस ते सगळं खरं होतं. ते वर्ष मी जगले आहे. पण तेसुद्धा इतकं लांब नव्हतं!"